दुखणं सोबत घेऊन घर शोधताना

पुण्यात घर बघायला निघालेल्या माणसाचा रविवार साधारण ठरलेला असतो. सकाळी एजंटचा फोन येतो, सिंहगड रोडवर दोन फ्लॅट होतात, तिथून वारजे, मग ‘जाता जाता’ बावधन. संध्याकाळपर्यंत सहा घरं बघून होतात. धडधाकट माणूस घरी येतो, चहा घेतो आणि कोणतं बरं यावर गप्पा सुरू होतात. पण ज्याच्या मणक्यातली गादी सरकलेली आहे, जिला आमवात आहे किंवा ज्याचे गुडघे झिजलेत, त्याचे पुढचे दोन दिवस या रविवारात आधीच खर्च झालेले असतात. त्याहून वाईट म्हणजे, शेवटच्या घरात पोचेपर्यंत माणूस इतका थकतो की त्याला फक्त हे सगळं संपायला हवं असतं. अशा वेळी दिलेला होकार पुढे वीस वर्षं निभावावा लागतो.

तीन महिन्यांहून जास्त काळ राहिलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकात जुनाट म्हणतात. तिचा त्रास नुसत्या तीव्रतेत नसतो. ती रोज सारखी नसते, आणि पुष्कळदा श्रम आज होतात पण वेदना उद्या येते. सतत दुखत राहिल्यावर मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील होते, त्यामुळे एरवी किरकोळ वाटणारा ताणही मोठा होऊन उमटतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगतात, दुखायला लागेपर्यंत थांबू नका, त्याआधी थांबा. घरशोधाची नेहमीची पद्धत या सल्ल्याच्या अगदी उलट आहे. आधी भरपूर बघा, मग निवडा, मग पैशाचं जमवा, असा तिचा क्रम. तो उलटा करायचा. पैशाचं गणित आधी, घरबसल्या गाळणी त्यानंतर, आणि प्रत्यक्ष पाय ठेवायचा तो मोजक्याच घरांत. घर निवडताना डोळ्यांसमोर आपला वाईट दिवस ठेवायचा, आणि हप्ता ठरवताना वाईट महिना.

बँकेचा आकडा आणि आपला आकडा

बँक कर्ज ठरवताना हातात येणारा पगार बघते, चालू असलेले हप्ते वजा करते आणि पगाराच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत हप्ता चालेल असं धरते. औषधं, फिजिओ, तपासण्या, बस झेपत नाही म्हणून केलेली रिक्षा, भांडी-केरासाठी ठेवलेल्या मावशी, यातलं बँकेच्या कागदावर काहीच नसतं.

एक उदाहरण मांडून बघू. दोघं कमावते, हातात मिळून महिना १,१०,००० रुपये. बँक ५५,००० रुपयांचा हप्ता मान्य करू शकते. ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर दर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज निघालं जवळपास ६३ लाख. आता त्याच घराचा वाईट महिना घ्या. बिनपगारी रजा पडल्या, हातात आले ९०,०००. घरखर्च ३८,०००. दुखण्याचा खर्च एरवी १६,०००, पण या महिन्यात फिजिओच्या फेऱ्या वाढल्या, स्वयंपाकाला बाई ठेवावी लागली, तो झाला २२,०००. उरले ३०,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स साडेतीन हजार काढला की हप्त्याला राहतात २६,५००. त्यावर कर्ज बसतं साधारण साडेतीस लाखांचं. एकाच घराचे हे दोन आकडे आहेत, आणि दुसरा पहिल्याच्या निम्माही नाही.

साडेतीस लाखांवरच थांबावं असं मी म्हणणार नाही. वाईट महिने वर्षातून दोन-तीनच येत असतील तर त्यांची तूट भरायला वेगळी ठेव राखून मधला आकडा, चाळीस लाखांच्या आसपास, घेता येतो. पण त्यासाठी वाईट महिने किती येतात ते माहीत हवं, आणि ते आठवणीवर सोडू नये. दुखणं ओसरलं की माणूस ते पटकन विसरतो. मागच्या वर्षभराची औषधांची बिलं, यूपीआयचे व्यवहार आणि ऑफिसातली रजांची नोंद काढून बारा महिने कागदावर मांडा. एका संध्याकाळचं काम आहे, तेही बसल्या बसल्या.

मुदतीचा विचारही असाच करायचा. ४० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. २५ वर्षांसाठी घेतलं तर ३२,२००. महिन्याला अडीच हजारच वाचतात आणि एकूण व्याज मात्र तेराएक लाखांनी वाढतं, म्हणून बहुतेक सल्लागार कमी मुदत घ्यायला सांगतात. दुखणाईताला मी उलटं सांगेन. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली आहे. मुदत लांबची घ्या आणि बऱ्या महिन्यांत ते अडीच हजार जादा भरत राहा, कर्ज जवळपास वीस वर्षांतच फिटेल. फरक एवढाच, की वाईट महिन्यात जादा रक्कम थांबवली तर कोणी विचारणार नाही. जादा भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं बँकेला लेखी द्यायला मात्र विसरू नका.

सुरुवातीला हातातून जाणारे पैसे लोक नेहमी कमी धरतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत ५५ लाखांचा जुना, म्हणजे पुनर्विक्रीचा फ्लॅट घ्यायचा आणि कर्ज ४० लाखांचं, असं समजू. स्वतःचे १५ लाख तर दिसतातच. त्यावर मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ३,८५,०००. खरेदी फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात एक टक्का सवलत आहे, इथे ५५,००० रुपये वाचतात. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त तिच्यावर हे शुल्क लागतं. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,०००. एजंट एक ते दोन टक्के. सोसायटीला हस्तांतरण प्रीमियम कमाल २५,०००. बँकेचं प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकील. हे सगळं मिळून साडेपाच लाखांच्या घरात जातं, आणि बँक कर्जाचं प्रमाण काढताना मुद्रांक व नोंदणी घराच्या किमतीत धरत नाही, म्हणून ते आपल्याच खिशातून. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. तो विक्रेत्याच्या रकमेतून जातो, आपल्यावर जादा पडत नाही.

याखेरीज दोन रकमा बाजूला ठेवाव्यात, आणि डाउन पेमेंट कितीही कमी पडलं तरी त्यांना हात लावू नये. पहिली, सहा महिन्यांचे हप्ते, घरखर्च आणि औषधं. दुसरी, नव्या घराचं बाथरूम आणि सामान हलवणं यांसाठी दीडेक लाख. नातेवाईक म्हणतील, एवढे पैसे बँकेत पडून आहेत तर कर्ज कशाला जास्त घेता? हिशेबाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे. पण दुखणं उसळलेल्या महिन्यात क्रेडिट कार्डावर ढकललेल्या खर्चाचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं.

आरोग्य विमा नसेल तर घराआधी तो घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी विमा कंपनीला प्रतीक्षाकाळ लावता येतो. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पूर्वी चार होता. प्रीमियम आधी सुरू झाला तर ही वर्षं लवकर सरतात. अर्जात दुखणं लपवू नका, दावा नाकारायला तेवढं एकच कारण पुरतं. बँक कर्जासोबत जो विमा सुचवते तो बहुधा मृत्यूनंतर कर्ज फेडणारा असतो. बुडालेला पगार तो भरून देत नाही, आणि कर्ज मिळण्यासाठी तोच घ्यावा असं कायद्याचं बंधनही नाही.

एक करसवलत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नुसत्या वेदनेला अपंगत्व प्रमाणपत्र मिळत नाही. पण संधिवातानं किंवा मणक्याच्या आजारानं हालचालीवर कायमची मर्यादा आली असेल आणि सरकारी वैद्यकीय मंडळानं ती ४० टक्के किंवा अधिक ठरवली, तर जुन्या करपद्धतीत उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ८० टक्क्यांपासून पुढे ती १,२५,००० होते. गृहकर्जाच्या व्याजाची स्वतः राहत्या घरावरची दोन लाखांपर्यंतची वजावटही जुन्याच पद्धतीत आहे. तेव्हा कर्ज घेण्याच्या वर्षी दोन्ही पद्धतींनी कर काढून बघणं फायद्याचं.

एजंटला आजार सांगू नका, अट सांगा

‘मला पाठीचा त्रास आहे’ असं सांगितलं की समोरचा सहानुभूती दाखवतो आणि तरीही तिसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर दाखवतो, वर ‘सवय होईल’ असंही म्हणतो. झिजलेल्या गुडघ्याला जिन्याची सवय होत नसते. म्हणून आजार न सांगता मोजता येणारी अट सांगायची. ‘रिक्षा थांबते तिथून लिफ्टच्या दारापर्यंत तीनपेक्षा जास्त पायऱ्या नकोत.’ ही अट ऐकल्यावर एजंटला आठवावंच लागतं.

‘लिफ्ट आहे’ या उत्तरावर कधीच थांबू नये. खाली पार्किंग असलेल्या कितीतरी इमारतींत लिफ्ट चार-पाच पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते. जुन्या इमारतीला बाहेरून नंतर लिफ्ट जोडली असेल तर ती कधी कधी दोन मजल्यांच्या मधल्या पायरीटप्प्यावर थांबते, म्हणजे अर्धा जिना उरतोच. जाळीचा दरवाजा ओढायचा असेल तर आमवात असलेल्या मनगटाला ते रोजचं ओझं. वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, जनरेटर फक्त जिन्यातल्या दिव्यांसाठी आहे का, मागच्या वर्षभरात लिफ्ट सलग किती दिवस बंद होती, हे फोनवरच विचारायचं. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर एजंटकडे नसतं. ते वॉचमन आणि पेपर टाकणारा मुलगा यांच्याकडे असतं.

मजल्याच्या बाबतीत दुखणं आणि पैसा एकदाच एकमेकांच्या बाजूनं बोलतात. उंच इमारतींत बिल्डर वरच्या मजल्यांना जादा दर लावतात, तेव्हा खालचे मजले तुलनेनं स्वस्त. लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिला किंवा दुसरा मजला, हा माझ्या मते दुखणाईतासाठी सगळ्यांत शहाणा सौदा. रोज लिफ्ट, आणि ती बंद पडली तरी जिना आवाक्यात. तळमजला आकर्षक वाटतो, पण ओल, डास आणि रस्त्याचा आवाज यांचा विचार करायला हवा. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, हे रुग्णांना कोणी सांगावं लागत नाही. आणखी एक. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च, ती असलेल्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत समान वाटला जातो, वापरा किंवा न वापरा. तळमजला घेऊन मेंटेनन्स वाचेल असं धरू नये.

फोनवर विचारायच्या बाकीच्या गोष्टी चटकन होतात. पाणी दिवसभर की ठरावीक वेळेला, कारण बादल्या भरून ठेवाव्या लागणार असतील तर त्या कोणीतरी उचलायच्या असतात. पाइपचा गॅस आहे का? घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातं. बाथरूमचा व्हिडिओ मागवा. नकाशावर फिजिओ, औषधाचं दुकान आणि मेट्रो स्टेशन किती लांब ते मोजा. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट असते, हा पुण्यात आता खरा फरक पडला आहे. मुंबईत स्टेशनजवळचं घर म्हणून भुलण्याआधी बघायचं ते अंतर नव्हे, पूल ओलांडावा लागतो का ते. कोणत्या फलाटावर उतरणार आणि घर पूर्वेला की पश्चिमेला, यावर रोजच्या पायऱ्या ठरतात.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाबद्दल माझं मत ठाम आहे. दीर्घकाळ दुखणं असलेल्या माणसानं शक्यतो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घ्यावं. बांधकामाधीन घरावर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्रानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घरावर तो नाही. पण खरी अडचण दुसरीच आहे. ताबा लांबला की भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू राहतात, आणि न बांधलेल्या बाथरूममध्ये उभं राहून बघता येत नाही. तरीही घ्यायचंच असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे, चटई क्षेत्र आणि पूर्णत्वाची तारीख घरबसल्या दिसते. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे ध्यानात ठेवून चेकबुक उघडावं.

प्रत्यक्ष बघताना

एवढ्या गाळणीतून वीसपैकी तीन-चार घरं उरतात. ती एका दिवशी बघायची नाहीत. एका दिवशी एक, फार तर दोन, आणि मध्ये एक दिवस रिकामा. त्या दिवशी होकार द्यायचा नाही, टोकनही नाही. एजंट सांगेल, संध्याकाळी दुसरी पार्टी येते आहे. येऊ दे. आपल्याला उद्या सकाळी शरीर काय म्हणतं ते ऐकायचं आहे.

वेळ निवडताना आपला आजार बघा. आमवातात सकाळचा ताठरपणा तासभर किंवा जास्तही राहतो, म्हणून एक फेरी सकाळी लवकर ठेवा. त्या वेळी नळ फिरतो का, कडी निघते का, ते संध्याकाळी कळणार नाही. ताठर मणक्याच्या आजारात, ज्याला डॉक्टर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात, स्वस्थ बसण्यानं त्रास वाढतो आणि हालचालीनं कमी होतो. अशा माणसाला घराइतकाच सोसायटीतला सपाट चालण्याचा रस्ता महत्त्वाचा. गादी सरकलेल्याला लांब बसून केलेला प्रवास जड जातो, तर त्यानं ऑफिस सुटायच्या वेळी त्या घरापर्यंत एकदा खरोखर प्रवास करून बघावा, खड्डे आणि स्पीडब्रेकरसकट. गुडघेदुखीवाल्यांनी जिना चढून समाधान मानू नये, उतरून बघावा. झिजलेल्या गुडघ्याची वाटी उतरतानाच जास्त बोलते.

सोबत मोजपट्टी आणि एक माणूस घ्या. माणूस असा, की जो आपल्याऐवजी माळ्यावर डोकावेल, गच्चीवर जाऊन टाकी बघेल आणि आपण टेकलो तर ‘चला लवकर’ म्हणणार नाही. निवासी इमारतीत पायरीची उंची १९ सेंटिमीटरपर्यंत चालते, अडथळाविरहित बांधकामाच्या निकषांत ती १५ च्या आत ठेवायला सांगितली आहे. हा चार सेंटिमीटरचा फरक एका पायरीला जाणवत नाही. तीन मीटरच्या मजल्याला १९ च्या सोळाएक पायऱ्या होतात, म्हणजे तिसऱ्या मजल्याला अठ्ठेचाळीस चढून अठ्ठेचाळीस उतरायच्या. त्यातून दूध विसरलं की पुन्हा. कठडा दोन्ही बाजूंनी आहे का, धरायला घट्ट आहे का, हे हात लावून बघा. रॅम्प असेल तर एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. पुष्कळ ठिकाणी रॅम्पच्या नावाखाली दुचाकी चढवायचा घसरडा उतार असतो, आणि पावसाळ्यात त्यावर पाय ठरत नाही.

घरात शिरल्यावर हॉलमध्ये रेंगाळू नका. हॉल सगळ्यांचेच चांगले दिसतात. आधी बाथरूम. उंबरा किती उंच, फरशी ओली केल्यावर घसरते का, आत एक स्टूल ठेवून बसून अंघोळ करता येईल एवढी जागा आहे का. कमोडचं झाकण बंद करून त्यावर बसा आणि हात न टेकता उठा. साधा कमोड चाळीस सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो. गुडघे किंवा कंबर धरलेल्याला पंचेचाळीसच्या पुढचा सोपा जातो. कमोड बदलता येतो, पण भारतीय संडास काढून कमोड बसवायचा असेल तर खालच्या मजल्याच्या छताशी संबंध येतो, फरशी फुटते, गळतीचा धोका निर्माण होतो. तो खर्च किमतीच्या वाटाघाटीत आणा. भिंतीवर टकटक करून बघा, कारण आधाराचा दांडा भक्कम विटेत किंवा काँक्रीटमध्येच टिकतो, पोकळ पडदीत नाही.

मग स्वयंपाकघर. ओट्यापाशी उभं राहून पोळी लाटल्यासारखे हात करा. कोपर किंचित वाकलेलं आणि पाठ सरळ राहिली तर उंची बरोबर. वाकावं लागलं तर रोज दोन वेळा वाकायचं आहे हे मनात धरा. ओट्याखाली पाय आत घालून उंच स्टुलावर बसता येईल अशी एक जागा काढता येते का? सिंक फार खोल असेल तर भांडी घासताना कंबर जाते. कपडे वाळत घालायची दोरी खाली ओढता येते का, की हात वर करून काठीनं घालायचे? खांदा आखडलेल्याला हे रोजचं. शेवटी बेडरूम. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येईल एवढी जागा, आणि रात्री बाथरूमपर्यंत जाताना मध्ये काय काय येतं.

हे सगळं झालं की दहा मिनिटं तिथेच खाली किंवा खुर्चीवर बसा. घरातले आवाज तेव्हाच ऐकू येतात. पंपाचा, लिफ्टच्या मोटरचा, शेजारच्या वर्कशॉपचा. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत दोनच गोष्टी लिहा, दुखणं कालच्यापेक्षा किती वाढलं आणि कशामुळे. तीन घरांच्या अशा तीन नोंदी शेजारी ठेवल्या की निवड बरीच सोपी होते, आणि घरच्यांना समजावणंही. ‘मला नाही झेपणार’ याच्यावर वाद होतो. ‘या घरी जाऊन आल्यावर दोन दिवस गोळी लागली’ याच्यावर होत नाही.

ज्यांना जमेल त्यांनी विकत घेण्याआधी त्याच भागात, जमल्यास त्याच सोसायटीत, अकरा महिने भाड्यानं राहून बघावं. भाडं फुकट जातं असं म्हणणाऱ्यांना साडेपाच लाखांचा वरचा हिशेब दाखवा. चुकीचं घर विकून दुसरं घेताना तो पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो, तेव्हा कुठे रांगेत उभं राहावं लागत नाही. करारात दोन वाक्यं घालून घ्या. लॉक-इन कमीत कमी असावा, आणि बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवायला परवानगी असावी.

कागद आणि रांग

खरेदीचे कागद तपासायला वकील लावायचाच. तीस वर्षांचा शोध अहवाल, सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं ना-हरकत आणि थकबाकी नसल्याचा दाखला, विक्रेत्याचं कर्ज असेल तर त्याच्या बँकेचं पत्र. सोसायटीकडून मागच्या वर्षाचा ताळेबंद मागून बघा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड रिकामे असतील आणि लिफ्ट जुनी असेल, तर लिफ्ट बदलायची वर्गणी ताबा घेतल्यावर लवकरच आपल्या दारात येणार. ‘इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे’ हे ऐकून जादा भाव देऊ नका. ते होईलच असं नाही, आणि झालंच तर काही वर्षांत पुन्हा सामान बांधून भाड्याच्या घरी जायचं आहे. दुखऱ्या शरीराला ती दोन स्थलांतरं आहेत.

दस्तनोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात ताटकळावं लागू शकतं. ऑनलाइन वेळ आरक्षित करा, दस्ताची माहिती आधीच भरून ठेवा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आसपास गर्दी असते. पितृपक्षात घर घ्यायला मन तयार होत असेल तर तेव्हा रांग छोटी आणि विक्रेता थोडा मऊ असण्याची शक्यता जास्त. आणि ज्यांना कार्यालयात जाणं खरोखरच धोक्याचं किंवा फार त्रासाचं आहे त्यांच्यासाठी कायद्यात सोय आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ३८ व्या कलमानं शारीरिक दुर्बलतेमुळे येऊ न शकणाऱ्या व्यक्तीला कार्यालयात हजर राहण्यापासून सूट दिली आहे. अशा वेळी अधिकारी घरी येऊन किंवा दुसऱ्याला नेमून जबाब घेतो. ही गृहभेट मागण्यासाठी अर्ज, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि फी लागते. चौकशी आठवडाभर आधी करा, कारण ऐनवेळी गृहभेट मिळत नाही.

सामान हलवताना

भाड्याचं घर सोडायची तारीख आणि ताबा मिळायची तारीख यांत निदान महिन्याचं अंतर ठेवा, आणि त्या महिन्याचं भाडं सुरुवातीच्याच हिशेबात धरा. या महिन्यात आधी बाथरूमचं काम उरकायचं, मग आठवड्याला एका खोलीचं सामान. पॅकर्सना बांधायचं आणि उघडायचं असं दोन्ही काम द्या, उघडण्याचे पैसे वाचवू नयेत. औषधं, शेक घ्यायची पिशवी, रोजची उशी आणि डॉक्टरांच्या फाइल एका पिशवीत वेगळ्या, ती पिशवी ट्रकमध्ये जाणार नाही.

पहिले दोन महिने कायमचं फर्निचर करू नका. सुतार मागे लागेल, साहित्याचे भाव वाढताहेत म्हणेल. पण डबे कोणत्या उंचीवर हवेत, आधाराचा दांडा कमोडच्या डाव्या हाताला की उजव्या, पलंग खिडकीशी की दाराशी, हे त्या घरात एखादं वाईट दुखणं काढल्यावरच कळतं. तोवर कामचलाऊ रॅक, एक भक्कम स्टूल आणि बाथरूममध्ये न घसरणारी रबरी चटई पुरते. मग सुताराला बोलवा, आणि रोजच्या वापराचं सगळं खांदा आणि गुडघा यांच्यामधल्या उंचीवर बसवून घ्या.